करेक्शनचे पैसे कुणी घेतं का? (कमर्शिअल फोटो रिटचिंग, पुणे)

कर्वेनगरची_सई | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी कमर्शिअल फोटोग्राफरांसाठी घरून रिटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोंची कॉम्प्युटरवर सफाई, करते. आधी सहा वर्षं एका स्टुडिओत पगारावर होते, गेल्या दिवाळीचा सीझन उरकल्यावर सोडलं. कामाला तोटा नाही. दागिने, साड्या, थोडं फूड, अधूनमधून बिल्डरांचे सँपल फ्लॅट. तोटा आहे तो हिशेबात.

परवाचंच सांगते. एका सराफांच्या कॅटलॉगसाठी नथ होती. फोटोग्राफर नेहमीचे, दर इमेजवर ठरलेला. वेगवेगळ्या फोकसच्या अठरा फ्रेम जोडून एक इमेज करायची. स्टॅक झाल्यावर मोत्यांच्या कडेला भुतासारखी दुसरी कड उमटते, ती हाताने मास्क मारून, म्हणजे नको तो भाग झाकून, काढली. धूळ काढली. सोन्यात स्टुडिओतली काळी छत्री दिसत होती, ती घालवली. मग मोत्यांकडे वळले. एकही धड गोल नाही, कुणाला पोचा, कुणावर पिवळट झाक. रात्री दोनपर्यंत बसून सगळे कसे एकसारखे, गुळगुळीत केले आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी फोटोग्राफरांचा फोन. "अहो, बसराचे मोती होते ते! सराफ म्हणतायत, तुमच्या बाईंनी प्लास्टिकचे मणी केले." खरंच होतं. ती नथ घेणारा त्या वेडेवाकडेपणाचेच पैसे मोजतो. मी तो लेयर, म्हणजे फोटोवर चढवलेला त्या बदलाचा थर, आधी पन्नास टक्क्यांवर आणला, मग वीसवर, शेवटी डोळाच बंद केला त्याचा, म्हणजे तो लपवूनच टाकला. चार तासांचं काम पाण्यात.

ही चूक माझी, तिचे पैसे मागत नाही. पण पुढे ऐका. "सोनं फार तांबूस दिसतंय, कमी करा." केलं. "अजून थोडं." तेही केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी: "हे काय, पितळ वाटतंय!" दोन दिवसांनी उलगडा झाला. सराफांचे चिरंजीव रात्री अंथरुणात पडून फोनवर फोटो बघत होते, आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून रात्री स्क्रीन पिवळी होते ना, ते सेटिंग चालू होतं. मी त्यांच्या फोनचं सेटिंग नथीतून काढत बसले होते.

एकूण सहा करेक्शन. बिल एका इमेजचं.

तर, करेक्शनचे वेगळे पैसे घेता का? इमेजवर दर लावता की तासावर? आणि लेयरसकट फाइल मागितली तर देता का? जाणकारांनी सांगा.

टोमणेबहाद्दर | सोमवार, रात्री ११:५२

माझ्याकडे "फायनल_९_आईशप्पथ" नावाची फाइल आहे. त्यानंतरही दोन आल्या. धागा वाचनखुणेत टाकला आहे.

मास्कवाला | मंगळवार, सकाळी ९:१५

सईताई, बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुमचा दर कमी आहे की नाही ते सोडा, तो चुकीच्या वस्तूला लावलेला आहे. "एक इमेज" हे मापच नाही. पांढऱ्यावर ठेवलेल्या स्टीलच्या डब्याचं डीप एच, म्हणजे मागचं सगळं कापून काढणं, ही एक इमेज, आणि अठरा फ्रेमची नथ हीसुद्धा एकच इमेज? मी एकदा महिनाभर प्रत्येक जॉबला घड्याळ लावून वहीत वेळ लिहिला. घरी कुणाला दाखवायची सोय नव्हती, इतकी लाज वाटली. ज्या दागिन्यांच्या कामावर माझा रुबाब होता, त्यात तासाला पडत होते त्यापेक्षा जास्त मला साध्या कटआउटमध्ये सुटत होते.

त्यानंतर चार गाळे पाडले: नुसता पाथ (कडेने आखलेली रेघ) आणि कटआउट; साधी सफाई; दागिने, काच आणि चेहरे; आणि तीन-चार फोटो जोडून केलेलं काम. पहिल्या दोनांना इमेजवर दर. पुढच्या दोनांना अर्ध्या दिवसाचा दर, आणि त्याखाली काम घेत नाही. समोरच्याला इमेजचाच आकडा हवा असेल तर मी फोटो बघून मनात तास मोजतो आणि आकडा सांगतो. फोटो बघितल्याशिवाय दर सांगायचा नाही. "सोपं आहे हो, पाच मिनिटांचं" असं फोनवर ऐकलं की मी आपोआप दुप्पट धरतो.

करेक्शनचं म्हणाल तर दोन राउंड दरातच देतो. पण राउंड म्हणजे काय ते कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं: सगळ्यांचं सगळं म्हणणं एकत्र, एकाच मेलमध्ये, फोटोवर खुणा करून. सकाळी "कडा बघा", दुपारी "सावली बघा", रात्री "साहेब म्हणाले" हे तीन राउंड होतात. माझ्या हातून चुकलं तर ते मोजत नाही, पैसेही लावत नाही. तुमचे मोती त्यात. त्यांनी आधी पसंत केलेलं फिरवलं तर तास सुरू. तुमचं सोनं त्यात.

आणि चाळीस दागिन्यांचा कॅटलॉग असेल तर आधी एकच इमेज पूर्ण करून पाठवा. सोन्याचा रंग, सावली, चमक किती ठेवायची, सगळं त्या एकीवर भांडून घ्या. मेलवर होकार आला की मग बाकीच्या एकोणचाळीस. बसराचे मोती पहिल्याच दिवशी कळले असते.

शाईवाला | मंगळवार, दुपारी १:०५

आमचा ऑफसेट छपाईचा धंदा, तीन पिढ्या पेठेत. रिटचिंगवाल्यांची आणि आमची गाठ फोटो बिघडल्यावरच पडते, म्हणून या धाग्यात आधीच येऊन बसतो.

फोनवर रंग पसंत करून घेऊच नका. व्हॉट्सअॅपवर फोटो दाबला जातो, प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, त्यात काही फोनवर रंग मुद्दाम भडक दाखवायची सोय असते. तुम्ही अॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगपट्ट्यात पाठवला आणि समोरच्याच्या अॅपला प्रोफाइल (फाइलमधली रंगांची माहिती) वाचता येत नसेल, तर चांगला फोटो मेल्यासारखा फिका दिसतो. बघायला पाठवायची प्रत एसआरजीबीत, म्हणजे साध्या पडद्यांच्या रंगपट्ट्यात, काढून द्या आणि रंगाची खात्री प्रूफवरच, म्हणजे छापलेल्या नमुन्यावरच, करा. तुमचा मॉनिटरही कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग मोजून जुळवलेला, हवा, ६५०० केल्विन आणि उजेड १२० कँडेलाच्या आसपास. दुकानातून आणल्यावर पडदा असतो तितक्या प्रखर उजेडावर काम केलंत की छापलेलं सगळं अंधारं वाटतं, आणि मग शिव्या आम्हाला.

दुसरं म्हणजे, काम कुठे छापायचंय ते आधी विचारा. आर्ट पेपरवर चारही शाया मिळून (प्रत्येकीचे जास्तीत जास्त १०० धरून) ३०० टक्क्यांपर्यंत सहज चालतात. वर्तमानपत्राच्या कागदावर साधारण २४० च्या वर गेलात की शाई पलीकडच्या पानावर उतरते आणि काळ्या पैठणीचा नुसता डाग होतो. सावलीतली जरीची नक्षी वेगळी उठून दिसली पाहिजे असेल तर ती आधीच मोकळी, म्हणजे उजळ, करून द्यावी लागते. स्क्रीनवर ते थोडं उघडंबोडकं वाटतं, तसंच वाटू दे. पाडव्याची आणि अक्षय्य तृतीयेची पानं वर्तमानपत्रातच येतात आणि दरवर्षी कुणीतरी मासिकाची फाइल तशीच पाठवतं.

होर्डिंगचं तर बोलूच नका. चाळीस फुटांच्या बोर्डासाठी गालावरचं एकेक रंध्र साफ करत बसलेला मुलगा पाहिलाय मी. सिग्नलला थांबलेल्या माणसाला नाक दिसलं तरी पुष्कळ.

वाचनमात्र_वैदेही | मंगळवार, दुपारी २:३०

काहीही कळत नाही पण वाचायला मजा येतेय. नथीतली छत्री काढतात हे आजच कळलं!

फ्लॅश_आणि_फराळ | मंगळवार, रात्री १०:१०

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे फोटोग्राफर. दगड मारायच्या आधी ऐकून घ्या.

आम्हालाही पुष्कळदा नगावरच पैसे मिळतात. वर एजन्सी, तिच्या वर क्लायंट, क्लायंटच्या वर त्यांच्या घरचे. करेक्शन तीन ठिकाणांहून येतात आणि एकमेकांच्या विरुद्ध असतात. त्या गाळून, एक यादी करून रिटचरला देणं हे माझं काम आहे हे मान्य. सीझनमध्ये ते होत नाही हेही खरं. मास्कवाल्यांनी राउंडची व्याख्या लिहून दिली तर मला उलट बरंच आहे, मी तीच वर चिकटवीन.

पण तुमच्याकडूनही दोन गोष्टी हव्यात. शूटच्या आधी एकदा बोला. ती छत्री सोन्यात दिसत होती ना? टेदर करून, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून, शूट करताना कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमध्ये समोर मोठी दिसते, पांढरा कागद आडवा धरला की दोन मिनिटांत जाते. माझे रिटचर पहिल्या दोन सेटअपना व्हिडिओ कॉलवर असतात आणि थेट सांगतात, "काचेच्या मागे एक फ्रेम रिकामी घेऊन ठेवा", "साडीच्या निऱ्यांची वेगळी घ्या". त्या तासाचे मी त्यांना पैसे देतो आणि नंतरचे चार तास वाचवतो.

दुसरं, विचारल्याशिवाय "आधी आणि नंतर" इन्स्टावर टाकू नका. माझा कच्चा फोटो बाहेर गेला की क्लायंट म्हणतो, सगळं रिटचिंगच होतं तर तुला कशाचे पैसे देतोय? यावरून एका मुलाशी मी काम थांबवलं, आणि मुलगा हाताचा चांगला होता.

लेयरवाली फाइल मात्र मला हवीच. पुढच्या वर्षी तीच नथ दुसऱ्या रंगावर ठेवायची असते.

कर्वेनगरची_सई | मंगळवार, रात्री १०:४५

@फ्लॅश_आणि_फराळ, शूटला कॉलवर घेणारे आणि वर पैसे देणारे फोटोग्राफर पुण्यात कुठल्या भागात सापडतात, तेवढं सांगा. मी घर बदलते.

लेयरचं मला पटत नाही. माझ्या फाइलमध्ये मी कशी काम करते ते सगळं उघडं पडतं. ती दुसऱ्या कुणाला देऊन पुढचे बदल स्वस्तात करून घेतले तर? झालंय असं. माझाच मास्क, माझीच लेयरची नावं, आणि वर दुसऱ्याने ओतलेला गुलाबी रंग एका फ्लेक्सवर पाहिला. नाव मी मराठीत देते, "नथ खालचा मोती", म्हणून ओळखू आलं. फाइल ज्याने उघडली तो आमच्याच स्टुडिओतला जुना मुलगा, त्यानेच हसत सांगितलं.

मास्कवाला | मंगळवार, रात्री ११:२०

मी मधला रस्ता काढलाय. दरात सपाट टिफ, म्हणजे सगळे लेयर एकत्र केलेली फाइल. दागिना आणि सावली वेगळे ठेवलेली तीन-चार लेयरची फाइल हवी असेल तर वीस टक्के जादा. पूर्ण कामाची फाइल देत नाही, पण दोन वर्षं सांभाळून ठेवतो आणि बदल स्वतः करून देतो. तसंही नथीच्या स्टॅकची फाइल दोन जीबी ओलांडते, फोटोशॉपची नेहमीची पीएसडी तिथे सेव्हच होत नाही, मोठ्या फायलींसाठीची पीएसबी करावी लागते. ती उघडताना त्यांच्या लॅपटॉपचा पंखा असा काही फिरतो की परत मागत नाहीत.

रोखठोक_राणे | बुधवार, सकाळी ८:५०

एवढी डोकेफोड कशाला? एआयला सांगायचं, क्षणात नथ साफ. पाच वर्षांत हा धंदा राहणार नाही, उगीच मॉनिटर कॅलिब्रेट करत बसलेत.

मास्कवाला | बुधवार, सकाळी ९:३०

राणेसाहेब, २००२ मध्ये फोटोशॉपमध्ये डाग मिटवणारा हीलिंग ब्रश आला तेव्हा हेच ऐकलं होतं म्हणे, मी शाळेत होतो. २०१० मध्ये आजूबाजूचं बघून जागा भरणारं कंटेंट-अवेअर फिल आलं तेव्हा मात्र मी स्वतः घाबरलो होतो. २०२३ मध्ये एआयने चित्र भरणारं जनरेटिव्ह फिल आलं आणि खरं सांगतो, बॅकग्राउंड वाढवायचं काम, जे मी अर्धा दिवस करायचो, ते आता चहा होईपर्यंत होतं. त्याचे पैसे गेले. ते परत येणार नाहीत, आणि स्वस्त कटआउटवर जगणाऱ्यांचं अवघड आहे, यात तुमचं बरोबर.

पण त्याला मोहनमाळ देऊन बघा. मणी छान काढतं. ते सराफांच्या दुकानात नसलेले मणी असतात. वजनावर विकायच्या वस्तूत एक मणी जास्त दिसला तर काय होतं ते काउंटरवर उभं राहून ऐका.

भोसरीकर | बुधवार, सकाळी ११:००

मास्कवाल्यांना दुजोरा. माझं काम एमआयडीसीतलं: गिअर, कास्टिंग, पंप, क्वचित मशीनचा अख्खा सेल, म्हणजे एकत्र मांडलेला संच. एका गिअरवर तेलाचा ओघळ होता. कंटाळून शेजारचे दात कॉपी करून वर बसवले. दिसायला झकास. कंपनीचे डिझाइनचे साहेब, वय साठच्या पुढे, त्यांनी प्रिंट घेतली, पेन्सिलीचं टोक दातावर ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली. पूर्ण फेरी मोजली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "हा आम्ही बनवत नाही."

तेव्हापासून ड्रॉइंग मागून घेतो. कास्टिंगवरचा उठावाचा नंबर, मशीनिंगच्या रेघा, चँफर (तिरक्या कापलेल्या कडा) यांना हात लावत नाही. गंज, बोटांचे ठसे, उडालेला रंग काढतो. काही शंका असेल तर फोन करतो, शॉप फ्लोअरवरच्या माणसाला विचारतो, मार्केटिंगवाल्याला नाही. आणि बाजारात न आलेल्या पार्टचे फोटो असतील तर गुप्ततेचा करार असतो, ते काम पोर्टफोलिओत कधीच येत नाही. म्हणून माझी वेबसाइट बघितलीत तर वाटेल हा माणूस दहा वर्षं झोपला होता.

कर्वेनगरची_सई | बुधवार, दुपारी १२:१५

"हा आम्ही बनवत नाही"!! हे मी माझ्या मॉनिटरवर चिकटवणार.

मृण्मयी_के | बुधवार, दुपारी ३:४०

मी चेहऱ्यांचं काम करते. आमच्याकडे गिअर नाही पण "जरा उजळ करा" आहे. उजळ म्हणजे लाइट नव्हे, मुलगी. सावळी मॉडेल मुद्दाम निवडतात आणि करेक्शनमध्ये तिला गोरी करायला सांगतात. सावळा रंग कमी दर्जाचा दाखवायचा नाही, असं अॅस्कीचं, म्हणजे जाहिरातवाल्यांच्या स्वनियमन संस्थेचं, गोरेपणाच्या उत्पादनांच्या जाहिरातींसाठी २०१४ पासून मार्गदर्शन आहे, पण साडीच्या जाहिरातीत ते कुणाला आठवणार. मी एक करते: चेहऱ्यावर उजेड वाढवते, रंगाला हात लावत नाही, आणि मान व हात यांच्याशी ताळमेळ दाखवून सांगते की याहून पुढे गेलं तर मुखवटा दिसेल. बहुतेक वेळा खपतं. नाही खपलं त्या दोन वेळा काम सोडलं. एकदा परवडलं, एकदा नाही.

जुना_निगेटिव्ह | बुधवार, संध्याकाळी ६:२०

वय वर्षं एकाहत्तर. लक्ष्मी रोडच्या अलीकडे एका स्टुडिओत मी निगेटिव्हवर रिटचिंग करत असे. तुमचं वाचून हात शिवशिवले.

आमचं उतरतं डेस्क असायचं, मधोमध काच, खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून निगेटिव्हमधून वर यायचा. आधी निगेटिव्हवर मीडियम चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं टोक सुईसारखं, पॉलिश पेपरवर घासून इंचभर लांब केलेलं. डोळ्यांखालचं काळं निगेटिव्हवर पातळ दिसतं, ते बारीक स्वल्पविरामांसारख्या रेघांनी भरायचं, की प्रिंटवर उजळ येतं. मोठा भाग असेल तर न्यू कॉक्सिन नावाचा लाल रंग ब्रशने थरावर थर द्यायचा. एखादी गोष्ट गडद करायची तर ब्लेडने निगेटिव्ह खरवडायची. तिथे हात चुकला की संपलं. तुमच्यासारखा लेयर बंद करता यायचा नाही, गिऱ्हाइकाला परत बसवावं लागायचं, आणि नवरी तर सासरी गेलेली.

मालकांचा नियम होता, तीळ काढायचा तर आईला विचारून. एकदा मुलगी दाखवायच्या फोटोतला हनुवटीवरचा तीळ मी आपल्या मनाने काढला. मुलाकडचे प्रत्यक्ष बघायला आले तेव्हा म्हणाले, फोटोतली ही नव्हे. मुलीच्या वडिलांनी स्टुडिओत येऊन जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्न झालं, काळजी नसावी.

पैशांचं म्हणाल तर नगावरच मिळायचे. फुल साइझला जास्त, पासपोर्टला आणे-पैसे. करेक्शनचे कुणी दिले नाहीत.

हिशोबनीस | बुधवार, रात्री ९:००

कोरडा प्रतिसाद, पण उपयोगी पडेल. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, करून घ्या सगळ्यांनी, फुकट आहे, ऑनलाइन होते, आणि त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यात २०२३ च्या बदलाने अशी थकवलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरता येते. त्यामुळे मार्च आला की एजन्सीचे अकाउंटवाले स्वतः फोन करतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा. "मला वरून आले की देतो" हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापलेला कर, असेल तर तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर आलाय का ते बघत जा, कापून न भरणारेही भेटतात. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची घाई नको.

टोमणेबहाद्दर | बुधवार, रात्री ९:१०

सराफांच्या मुलाला तिप्पट चक्रवाढ व्याज लावल्यावर सोनं त्याला कुठल्या रंगाचं दिसतं तेही कळवा.

कर्वेनगरची_सई | शनिवार, रात्री १०:३०

अपडेट. मास्कवाल्यांच्या पद्धतीने कोटेशन केलं. दोन राउंड, यादी एकत्र, पहिली इमेज मेलवर पसंत, रंग प्रूफवर. त्याच फोटोग्राफरांना पाठवलं. दिवसभर निळ्या टिका दिसत होत्या आणि उत्तर नाही, माझ्या पोटात गोळा. रात्री आलं: "ठीक. पण लेयरचे वीस टक्के जास्त होतात, दहा करा." मी पंधरा म्हटलं. जुन्या नथीच्या सहा करेक्शनचं काहीच बोलले नाहीत, मीही काढलं नाही.

पुढचा जॉब ठुशी आणि कोल्हापुरी साज. या वेळी आधीच विचारलंय, काय काय काढायचं नाही. सराफांनी फोनवर वीस मिनिटं सांगितलं. साजातल्या पानड्यांवरचे ठोक्याचे बारीक खड्डे हातकामाचे आहेत, ते तसेच ठेवायचे. लाखेचा ठिपका बाहेर आलाय तो काढायचा. मी सगळं वहीत लिहून घेतलंय.

@जुना_निगेटिव्ह काका, ते आरशाचं डेस्क अजून आहे का तुमच्याकडे? बघायला आवडेल. गुरुवारी चालेल? त्या दिवशी आमच्याकडे वीज नसते, मशीन बंदच असतं.

जुना_निगेटिव्ह | रविवार, सकाळी ७:०५

आहे. वर नातीची पुस्तकं असतात, ती काढून ठेवतो. खिडकी पश्चिमेची आहे, दुपारी तीन ते पाच उजेड बरा मिळतो. येताना तुमच्या नथीची प्रिंट आणा. मोत्यांचा लेयर बंद केलेली.